बिस्किटचे पाय

सखुबाईच्या बंगल्याला दोन गेटं आहेत. पुढचं गेट तिच्या मुलाचं, सुदेशचं. तिथे पितळी अक्षरांत आडनाव, खांबांवर सिमेंटचे दोन सिंह आणि आत पांढरी गाडी. मागचं गेट सखुबाईचं. तिथे पत्र्याचा गोठा, चार म्हशी आणि पेंढ्याची गंजी. गंजीवर निवडणुकीतली जुनी बॅनरं ताणलेली आहेत आणि त्यांवरचे पुढारी हात जोडून पेंढ्याची राखण करत असतात. सखुबाई म्हणते, एवढं तरी काम करतात.

ठाकुर्लीच्या खाडीकडल्या अंगाला पूर्वी भाताची खाचरं होती, तिथे आता वीस-वीस मजले उभे आहेत. सखुबाईच्या सासऱ्याची खाचरंही त्यातच गेली. राहिला तो एक लांबोळका पट्टा, विजेच्या मोठ्या तारांखालचा. तारांखाली बांधकाम होत नाही म्हणून राहिला, नाहीतर तिथेही कुणाचं तरी किचन असतं. पट्ट्यात गवत आहे, मधोमध डुंबायला डबकं आहे. पण बंगल्यापासून तिथे जायचं तर मध्ये नव्वद फुटी रस्ता, आणि सगळा घोळ त्या रस्त्याचा.

तीस वर्षं म्हशी न्यायचं-आणायचं काम राघो करायचा. यंदा श्रावणात तो मुरबाडला लेकीकडे गेला आणि तिथेच राहिला. गुडघे गेले, असा निरोप पाठवला. गुडघे सखुबाईचेही गेलेले आहेत, पण ती निरोप पाठवत बसत नाही. राघोच्या जागी दुसरा माणूस मिळेना. आसपासची पोरं स्कूटरवरून लोकांची जेवणं पोचवतात, म्हशी पोचवायला कोण येतो. मग म्हशी आपल्या आपण जाऊ लागल्या. जायला त्यांना कुणी लागत नव्हतं, पोट नेत होतं. यायचं मात्र त्यांच्या मर्जीवर. आल्या तरी संध्याकाळी रस्त्याचं डांबर छान कोमट असायचं, तिथेच बैठक मारून रवंथ सुरू. मग गाड्यांचे हॉर्न, शाळेची बस अडकलेली, टॉवरमधल्या बायका गॅलरीतून मोबाईलवर फोटो काढतायत, आणि सुदेशला फोनावर फोन.

भाद्रपदात एकदा म्हशींमागे धावताना सखुबाई दुभाजकाला अडखळून पडली. हाड मोडलं नाही, पण कोपर सोलवटलं. सुदेशने ते बघितलं आणि त्याच संध्याकाळी निकाल दिला.

"आई, दसऱ्यापर्यंत माणूस मिळाला तर ठीक. नाहीतर विठ्ठलवाडीचा शिवराम तबेलेवाला चारही घेऊन जायला तयार आहे. चांगली ठेवतो तो जनावरं."

"मना पन घिऊन जाईल काय तो? इचार त्याला."

"तू आता रस्त्यावर पाय ठेवायचा नाहीस. माझी शपथ आहे तुला."

सखुबाईने पाठ फिरवली. पाठ फिरवलेल्या माणसाला शपथ लागत नाही, असं तिचं मत आहे. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. ज्या घरात भांड्यांना एक बाई, फरशीला एक आणि पोळ्यांना तिसरी येते, तिथे तिच्या हाताला गोठ्याएवढाच कोपरा उरला होता. म्हशी गेल्यावर पहाटे पाचला उठून करायचं काय? टीव्हीसमोर बसून प्राणायामाच्या नाकपुड्या दाबायच्या?

अशातच कुत्रा आला.

बंगल्याला कुत्रा हवा, असं सुदेश बरेच दिवस म्हणत होता. गावातल्या दुसऱ्या बंगल्यांना वासराएवढाले कुत्रे आहेत, साखळी ओढतात तर माणूस फरफटतो. सुदेशची लेक समीक्षा ठाण्याला एका कंपनीत आहे. तीन दिवस घरूनच काम करते, कानाला यंत्र लावून एकटीच हसते. तिची ऑफिसातली मैत्रीण अमृता परदेशी निघाली होती, तिचा कुत्रा समीक्षा घेऊन येणार, हे घरात कळलं. जातिवंत आहे, विलायतेत राजाराणीच्या घरी असतो, हेही कळलं. सुदेशने पुढच्या गेटाला मोठी कडी ठोकून घेतली. सखुबाईने पातेलं वेगळं काढलं.

गाडीचं दार उघडलं आणि आतून जे उतरलं ते पायरीवरून खाली घरंगळल्यासारखं आलं. तोंड कोल्ह्याचं, कान मोठ्या सशाचे, अंग पाटासारखं लांब आणि रंग चहातल्या बिस्किटाचा. शेपटीच्या जागी नुसताच गोंडा. आणि पाय, म्हणजे पायच म्हणायचे तर, वीतभर.

सुदेशने कडीकडे बघितलं.

"याचे पाय कुठं राह्यले गो?" सखुबाईने विचारलं.

"आजी, हा कॉर्गी आहे. कॉर्गीचे असेच असतात. बिस्किट नाव आहे त्याचं."

"आसेच कसे आसतील? धड येवढा नि पाय तेवढे? उभा हाय का बसलाय त्याच समजत नाय."

"दोन वर्षांचा झालाय, आता आणखी वाढणार नाही. आणि हा ना..."

पुढचं काही सखुबाईने ऐकलं नाही. तिला सगळं समजलं होतं. अमृताचा ब्लॉक ठाण्याला बाराव्या मजल्यावर. बिचारा जन्मापासून चार भिंतींत, ना माती ना ऊन. कुंडीतलं झाड खुंटतं तसा खुंटला. अंग कसंतरी वाढलं, पायांना जागाच मिळाली नाही. शहरातल्या शिकल्या लोकांना हे कळत नाही, ते त्याला जात म्हणतात.

"दसऱ्याच्या आत याचे पाय वाढवून दावते," तिने जाहीर केलं. जाहीर केलं ते नेमकं पाणी भरायच्या वेळी, म्हणजे आळीभर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा हजर. मंजुळा म्हणजे गावातली बाळंतिणींना आणि बाळांना चोळणारी. सुदेश जन्मला तेव्हा त्याचे पाय कमानीसारखे होते, ते मंजुळाच्या सासूने सव्वा महिन्यात सरळ केले. समीक्षाचं नाक मंजुळाने स्वतः वर आणलं. तिने पाटावर बसून पाय पसरले, पायांवर बिस्किटला उताणा घेतला, कोमट खोबरेल तेल ओतलं आणि मांडीपासून पंजापर्यंत चोळायला लागली. कुत्रा ओरडेल, चावेल, म्हणून कल्पिता, म्हणजे सखुबाईची सून, लांब उभी होती. बिस्किटने डोळे मिटले, जीभ एका बाजूला सोडली आणि झोपला.

"पोर गुनी हाय," मंजुळा म्हणाली. "पन सखुबाय, हाडात वाढ दिसत नाय मना."

"तू चोळ. वाढीचं मी बगते."

वाढीचं म्हणजे पायाचं सूप. मटणवाल्याकडून रोज बकऱ्याचे दोन पाय यायचे, हळद-मीठ घालून चार तास चुलीवर. सुकटीचा चुरा वरून. तीन आठवड्यांत बिस्किट छान वाढला, पण रुंदीला. चालताना पोट गवताला लागायला लागलं. समीक्षा त्याला डोंबिवलीला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली ती फुरंगटूनच परत आली.

"डॉक्टर विचारत होते, याला कोण खायला घालतं."

"मग सांगाचा ना माजा नाव."

"सांगितलं. ते म्हणाले, सूप बंद."

"त्याने किती पोरं वाढवली आसतील?" सखुबाई म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

पाय काही वाढेनात, पण कुत्र्याचं दुसरंच एक लक्षण दिसायला लागलं. कुणी कुठे एकटं चाललेलं त्याला खपायचं नाही. अंगणात कोंबड्या पसरल्या की हा डावीकडून-उजवीकडून फिरून सगळ्यांचा एका कोपऱ्यात गठ्ठा करायचा आणि समोर बसून राहायचा. मंगळवारी कल्पिताच्या बचत गटाच्या बायका आल्या. दहाजणी पडवीत बसल्या तोवर बिस्किट सुखात होता. एक उठून गेटाकडे निघाली, तसा हा मागून गेला आणि तिच्या टाचेला हलकेच दात लावला. रक्त नाही, ओरखडा नाही, नुसता चिमटा. ती किंचाळून परत पडवीत आली. दुसरी निघाली, तिलाही तेच. संध्याकाळचे सात वाजले तरी दहाजणी पडवीतच.

"कल्पिता, तुझ्या सासूने शिकवला काय गं याला?" एकजण म्हणाली. "आम्ही घरी जाऊन स्वयंपाक करायचा की नाही?"

सखुबाईला कुत्र्याची ही खोड आवडली नाही. मागून चावणारं जनावर आणि मागून बोलणारं माणूस, दोघांना ती एकाच रांगेत बसवते. चार दिवसांनी तिच्याही टाचेला चिमटा बसला, तेव्हा तिने चपलेने नाही, पण चपलेच्या आवाजाने त्याला गप्प केलं. बिस्किट कान पाडून बसला. पण डोळे तिच्या पायांवर. ती गोठ्यात गेली की तो समाधानाने उसासा टाकायचा, ती गेटाकडे निघाली की उठून उभा.

इकडे पितरपाख उलटला, घट बसले. माणूस मिळाला नव्हताच. सुदेश रोज संध्याकाळी टेंभी नाक्याच्या देवीला, नाहीतर कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या आरतीला. त्याला नोकरी अशी नाहीच, बैठका असतात. जाताना म्हणायचा, "आई, शिवरामला दसऱ्याचं सांगितलंय. मुहूर्तही चांगला आहे." सखुबाई उत्तर देत नव्हती. घरात सगळ्यांना तिच्या तोंडाची सवय होती, तिच्या गप्प बसण्याची नव्हती. कल्पिता दोनदा येऊन कपाळाला हात लावून गेली.

ललिता पंचमीच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला समोरच्या टॉवरचा वॉचमन परशुराम मागच्या गेटाशी आला.

"काकी, चौघी बसल्यात रस्त्यात. बस अडकलीय. सुदेशभाऊंचा फोन लागत नाही."

सखुबाईने काठी घेतली. समीक्षा घरीच होती, ती बिस्किटला फिरवायला निघालेली, तीही मागोमाग. "आजी, पप्पांनी शपथ घातलेय ना?" "त्याची त्याने परत घेवाची," सखुबाई म्हणाली आणि चालू पडली.

रस्त्यावर जत्रा भरल्यासारखी होती. चौघी चार ठिकाणी. थोरली दुभाजकाला पाठ लावून, चंदा नि रत्ना बसच्या पुढ्यात, आणि भिंगरी सगळ्यांच्या मधोमध, डोळे अर्धे मिटून, जबडा डावीकडून उजवीकडे. सखुबाईने हाक घातली. काठी आपटली. थोरलीने कान हलवला, एवढंच. एकीला उठवावं तर दुसरीकडे जाईस्तोवर पहिली परत बसायची. बसमधून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सखुबाईच्या गुडघ्यात कळ आली आणि तिला पहिल्यांदाच वाटलं, की सुदेशचं खरं असेल. आपल्याच्याने होत नाही आता.

तेवढ्यात मागे समीक्षा ओरडली. कुत्र्याचा पट्टा तिच्या हातातून सुटला होता.

बिस्किट जमिनीलगत गेला, म्हणजे त्याला जमीन लांब नव्हतीच. सरळ नाही गेला. वळसा घेऊन भिंगरीच्या मागे पोचला आणि तिच्या मागच्या खुराच्या वर, टाचेशी, एक चिमटा काढला.

भिंगरीची लाथ तिच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. त्या लाथेने राघोची नडगी फुटली होती, दोन बादल्या चेपल्या होत्या आणि एकदा सुदेशच्या मोटारसायकलचा दिवा गेला होता. भिंगरी अर्धवट उठली आणि तिने लाथ झाडली, मागे, सणसणीत, कुठल्याही कुत्र्याचं डोकं जिथे असतं नेमकी तिथे.

तिथे डोकं नव्हतं. बिस्किट पोटावर चपटा झाला होता. लाथ त्याच्या कानांवरून वारा घालून गेली. पाय खाली येतोय न येतोय तोच त्याने दुसऱ्या टाचेला चिमटा काढला आणि पुन्हा चपटा. भिंगरी अशा भांडणाला सरावलेली नव्हती. ती उठली आणि चार पावलं पुढे झाली.

सखुबाई काठी धरून उभीच राहिली. लांब पायांचं कुत्रं असतं तर आत्ता त्याचं टाळकं रस्त्यावर असतं. एक वीत जास्त असती तरी मेलं असतं. पाय खुंटले नव्हते. कुणीतरी, कुठल्यातरी देशात, म्हशींच्या नाहीतर गाईंच्या लाथा खाऊन शहाण्या झालेल्या माणसाने, लाथेच्या खाली बसेल एवढंच कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलं होतं. आणि आपण त्याला तेल लावून वाढवायला निघालो होतो.

तोवर बिस्किटने चंदा नि रत्ना उठवल्या. थोरली न सांगता उठली, तिला वयाचा मान कळतो. मग तो डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून असा मागे झुलत राहिला. एकदाही भुंकला नाही. चौघींचा गठ्ठा झाला. पण गोठा कुठे, हे त्या कुत्र्याला कुठे ठाऊक. त्याने आपल्या बुद्धीने चारही म्हशी आणल्या त्या सखुबाईभोवती. आणून उभ्या केल्या आणि मागे बसला. चार म्हशी, मध्ये काठी घेतलेली म्हातारी. पुढचं तुम्ही बघा, असं त्याचं तोंड.

"आजी, चाल तू," समीक्षा लांबून म्हणाली. "तू चाललीस की त्या येतील."

सखुबाई चालायला लागली. आपल्या गुडघ्यांच्या चालीने, सावकाश. म्हशीही तिच्या चालीने. परशुरामने हात करून गाड्या थांबवल्या. बस निघाली, मुलं खिडकीतून ओरडली. सखुबाईने मान वळवली नाही. पण पदर डोक्यावरून सारखा केला, घरच्या लग्नात वरातीपुढे चालताना करते तसा.

गोठ्यात दावी बांधून झाल्यावर तिने समीक्षाला समोर बसवलं.

"हा कुत्रा गुरं हाकनारा हाय, तुना माहीत व्हता?"

"पहिल्याच दिवशी सांगत होते. तू मंजुळाआजीला बोलवायला गेलेलीस."

"मोठ्याने सांगाचा."

मग समीक्षाने मोबाईलवर दाखवलं. हिरव्या डोंगरावर धुकं, तांबड्या गाई आणि त्यांच्या पायांत हा एवढासा. सखुबाईने तीनदा बघितलं. गाई बऱ्या होत्या, पण कासेने लहान, असं तिने नोंदवलं. कुत्रा मात्र अस्सल. टाचेला धरतो, दात रुतवत नाही, लाथ चुकवतो. "आन आपन याला पडवीत बांधला," ती म्हणाली. "म्हनून बायकांना हाकीत व्हता बिचारा. गुरं नाय तर बाया. त्याला काय, कळपाशी मतलब."

दुसऱ्या सकाळी मंजुळा तेलाची वाटी घेऊन आली तेव्हा सखुबाईने तिला चहा दिला आणि वाटी बाजूला ठेवली.

"चोळनं बंद."

"का गं? वाढले काय पाय?"

"वाढवाचे नाय मना. मीच नको म्हनते." सखुबाईने बशीत चहा ओतला. "हाय तेच माप बरोबर हाय. तुना समजाचा नाय ते, तू कदी म्हशीची लाथ खाल्ली नाय."

मंजुळा आळीत काय सांगणार ते तिला माहीत होतं. पण मंजुळाने आळीत काही सांगायच्या आधीच संध्याकाळी आळी पट्ट्यावर जाऊन बघून आली, त्यामुळे सांगायला फारसं उरलं नाही.

आता चार दिवस उरले होते. सुदेश बैठकांत, त्याच्या कानावर काही गेलंही असेल तर तो बोलला नाही. सूप बंद झालं, भाकरी मोजून. पहिले दोन दिवस बिस्किट डबक्यापर्यंत जाईपर्यंतच धापा टाकत होता, आणि सखुबाई स्वतःवरच चरफडत होती, की हे पोट आपणच घातलं. तिसऱ्या दिवशी त्याला दम धरायला आला. त्याला शिकवायचं फार नव्हतंच, शिकायचं तिलाच होतं. ती ओरडली की तो गोंधळायचा. ती गप्प उभी राहिली की त्याला सगळं समजायचं. साठ वर्षं गुरांवर, नवऱ्यावर आणि सुनेवर ओरडून काम केलेल्या बाईला गप्प उभं राहणं किती जड जातं ते तिचं तिला ठाऊक. पण ती राहिली. चारला ती समीक्षाबरोबर सावकाश रस्ता ओलांडायची, तारांखालच्या दगडावर बसायची. साडेपाचला उठून नुसती वाट धरायची. बिस्किट डबक्याकाठी जाऊन उभा राहायचा, म्हशी पाण्यातून आपल्या उठायच्या. मग त्या तिच्याभोवती, तो मागे. रस्त्याला परशुराम हात दाखवायचा.

चंदा आणि रत्ना दोन दिवसांत नमल्या. भिंगरी रोज एक लाथ झाडायची, सवय म्हणून. बिस्किट रोज चपटा व्हायचा, सवय म्हणून. त्या दोघांत काही राग दिसत नव्हता.

दसऱ्याला सकाळी म्हशींना आंघोळ घातली, शिंगांना तेल, कपाळी हळद-कुंकू, गळ्यात झेंडू. बिस्किटच्या गळ्यातही एक माळ पडली, ती त्याने दुपारी खाल्ली. सुदेश पांढरा कुर्ता घालून दिवसभर घरीच होता. त्याने गाडीची पूजा केली, आपट्याची पानं वाटली. मग आईच्या पाया पडला. सखुबाईने त्याच्या हातावर सोनं ठेवलं आणि चारला पट्ट्यावर निघून गेली. आज शिवराम यायचा होता, हे दोघांनाही माहीत होतं.

तो पाच वाजता आला, टेम्पोच्या तोंडाला भलामोठा हार घालून. मागच्या गेटाशी सुदेश आणि तो उभे राहिले. गोठा रिकामा.

"कुठेयत?" शिवरामने विचारलं.

"येतील," सुदेश म्हणाला. रस्त्यापलीकडे तारांखाली चार काळे ठिपके आणि एक बिस्किटी ठिपका हलताना त्याला दिसत होते. मध्ये आईचं हिरवं लुगडं.

साडेपाचला सखुबाई म्हशी घेऊन रस्त्याच्या काठाशी आली आणि थांबली. दसऱ्याच्या नव्या स्कूटरी, नव्या गाड्या, सगळ्यांना हार, सगळ्यांना घाई. समोर टॉवरच्या गेटावर परशुराम नव्हता, सोसायटीच्या पूजेला आत गेला होता. समीक्षाने हात करून बघितला, गाड्या थांबेनात. म्हशी चुळबुळायला लागल्या. भिंगरीने डांबराकडे बघितलं. बिस्किट मागे झुलत होता, धरून ठेवत होता, पण किती वेळ धरणार. सखुबाईला पलीकडे पांढरा कुर्ता दिसत होता. ती हाक मारणार नव्हती. मेली तरी मारणार नव्हती.

सुदेशने शिवरामला तिथेच सोडला आणि रस्त्यात उतरला. दोन्ही हात पसरून मधोमध उभा राहिला. सभांमध्ये गर्दीला थांबवतो तसा. एक रिक्षा त्याच्या कुर्त्याला घासून थांबली, मागची बस थांबली, आणि रस्ता मोकळा झाला.

सखुबाई निघाली. म्हशी एका गठ्ठ्याने, झेंडूच्या माळा हलवत. सुदेश बघत होता. आई धावत नव्हती. ओरडत नव्हती. काठी नुसती टेकायला होती. ती त्याच्या जवळून गेली, म्हशी गेल्या, शेवटची भिंगरी गेली, तरी तो तसाच हात पसरून.

बिस्किट थांबला. पुढे सगळे गेले, एक मागे राहिलाय, हे त्याच्या लक्षात आलं. तो वळसा घेऊन सुदेशच्या मागे गेला आणि कोल्हापुरी चपलेच्या वरच्या अंगाला, टाचेला, चिमटा काढला.

"आई गं," सुदेश म्हणाला आणि दोन उड्या मारून म्हशींत जाऊन मिळाला.

"चाल रं," सखुबाई पुढूनच म्हणाली. "तो सोडाचा नाय तुना."

गोठ्यात शिवराम आ वासून उभा होता. त्याने चाळीस वर्षं तबेला चालवला होता, पण असलं काही बघितलं नव्हतं. तो खाली बसून बिस्किटचे पाय चाचपून बघू लागला.

"काकी, म्हशींचं मरू द्या. हा देता काय मला?"

"चाळीस म्हशींत हा येकटा काय करील? तुज्या मानसांनाच हाकील आदी," सखुबाई म्हणाली आणि भिंगरीखाली बादली सरकवली.

सुदेश टाच चोळत खांबाला टेकला होता. कुर्त्यावर शेणाचा शिंतोडा.

"शिवरामभाऊ," तो म्हणाला, "चहा घेऊन जा. म्हशी द्यायच्या नाहीत. मी तुम्हाला बोलून बसलेलो, पण आईला विचारलंच नव्हतं."

कल्पिता चहाला आत वळली. समीक्षा बिस्किटचे कान कुरवाळत होती. सखुबाईने मान वर केली नाही, धार मोडली नाही. बादली भरत आली तेव्हा म्हणाली,

"उद्या साडेपाचला रस्त्यावर उभा राहाचा. परशुरामला त्याची कामं आसतात. आन पांढरं घालून येऊ नको."